दोनशे साठ

अमोल मुझुमदारची ओळख करून देताना लोक हटकून त्याने न केलेल्या गोष्टींपासून सुरुवात करतात. तो १९८८ साली पॅड बांधून बसला आणि त्याची फलंदाजी आलीच नाही. तो भारताकडून एकही कसोटी खेळला नाही, एकही एकदिवसीय सामना खेळला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एखाद्या फलंदाजाची गोष्ट त्याने न खेळलेल्या डावांवर उभी करायची, हा प्रकार मला नेहमी जरा विचित्र वाटत आला आहे. त्या दोन नकारांच्या मध्ये एक डाव आहे. फेब्रुवारी १९९४, फरिदाबाद, २६० धावा, प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात. तेव्हा जगात कुणीही पदार्पणात इतक्या धावा केल्या नव्हत्या. त्या डावाबद्दल बोलायला मात्र माणूस मिळत नाही.

१९८८ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पटकन सांगतो. शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेचा उपांत्य सामना, आझाद मैदान, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. ८४ वर दुसरी विकेट पडली आणि सचिन तेंडुलकर-विनोद कांबळी एकत्र आले. सचिन चौदा वर्षांचा, विनोद सोळाचा. त्यांनी नाबाद ६६४ धावांची भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. मैदानाबाहेरून शारदाश्रमचे प्रशिक्षक आचरेकर सर यांचे सहायक डाव घोषित करा म्हणून ओरडत होते आणि ही दोघं तिकडे बघायचं शिताफीने टाळत होती. जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन झाला, एक धाव काढून ३५० करू द्या म्हणून विनवणी झाली, सर बधले नाहीत. ७४८ वर डाव घोषित झाला. पुढच्या क्रमांकावर जायचा होता तो तेरा वर्षांचा अमोल. त्याच्या नावापुढे स्कोअरबुकात काहीच लिहिलं गेलं नाही.

आता जरा त्या 'पॅड बांधून बसणं' याकडे बघू. हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की बसणाऱ्याला काही त्रास होत असेल असं वाटतही नाही. मी फोर्टात नोकरीला होतो. बोरीबंदरहून निघालं की आझाद मैदानातून तिरकं जाणाऱ्या वाटेने पाच मिनिटं वाचतात, पण मैदानात सामने चालू असले की ती पाच मिनिटं आणि वर आणखी वीस जातात. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँग लेगला पाठ लावून उभा असतो. क्लबच्या तंबूबाहेर किट-बॅगेवर 'पुढचा' बसलेला असतो. तो नेहमी ओळखू येतो. पॅडचे पट्टे पोटरीवर काचत असतात म्हणून मधला पट्टा सैल केलेला. मांडीचं गार्ड घामाने चिकटलेलं. ग्लोव्ह्ज घातले तर आतून ओले होतात, काढून ठेवले तर हाक आल्यावर घालता घालता धांदल होते, म्हणून एक हातात आणि एक मांडीवर. वडापाव समोर आला तरी खायचा नाही, कारण अर्ध्या वडापावावर जावं लागलं तर? लघवीला जायचीही पंचाईत. बाकीची पोरं थट्टामस्करी करत असतात, स्कोअररच्या वहीत डोकावत असतात. हा मात्र प्रत्येक चेंडूला मनातल्या मनात पाय पुढे टाकत असतो. विकेट पडावी असं वाटणं पाप, कारण खेळपट्टीवर आपलेच दोस्त आहेत. विकेट पडू नये असं वाटणं खोटं. दहा-पंधरा षटकं असं बसलेला मुलगा जेव्हा आत जातो तेव्हा निम्मा दमलेला असतो. अमोल असा तासन्‌तास बसला होता.

त्या मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. भारतात झालेला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये तिथे खेळला गेला आणि लाला अमरनाथने तिथेच कसोटी पदार्पणात शतक ठोकलं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. पण मुंबईच्या पोराला तेवढं अंतर कापायला कधी पावणेदोन वर्षं लागतात आणि कधी जन्म पुरत नाही. सचिनला ६६४ नंतर दहा महिन्यांत रणजी मिळाली, वानखेडेवर गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने शतक केलं, आणि १९८९ च्या नोव्हेंबरात तो कराचीला वकार युनूससमोर उभा होता. विनोदने रणजीतल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. पुढच्या क्रमांकावरच्या मुलाला रणजीत यायला मात्र सहा वर्षं लागली.

या सहा वर्षांत काय चालतं, ते मुंबईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. शाळेचं क्रिकेट संपतं, मग कांगा लीग. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळवतात, मुद्दामच. खेळपट्टी ओली, चेंडू एकदा गुडघ्याला लागतो, एकदा नाकासमोरून जातो. आउटफिल्डचं गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला कव्हर ड्राइव्ह वीस यार्डांवर गवतात झोपतो. तिथे चाळीस धावा करणारा म्हणजे फलंदाज. त्याबरोबर टाइम्स शील्ड, म्हणजे ऑफिसांचं क्रिकेट. आज 'व्यावसायिक क्रिकेटपटू' म्हटलं की लिलाव, करार, कोटी आठवतात. १९९० च्या आसपास मुंबईचा व्यावसायिक क्रिकेटपटू म्हणजे बँकेत, विमान कंपनीत नाहीतर एखाद्या मोठ्या खासगी कंपनीत खेळाडू म्हणून लागलेला मुलगा. मस्टरवर सही, दुपारी नेट्स, महिन्याला पगार. रणजीच्या मानधनावर घर चालत नसे. घर ऑफिस चालवत असे. त्यामुळे या खेळाडूंच्या अंगात एक नोकरदार चिकाटी होती, आणि मला तरी मुंबईच्या फलंदाजीचं मर्म बाद न होणाऱ्यासाठी आचरेकर सर स्टंपवर ठेवत त्या नाण्याइतकंच या मस्टरमध्येही दिसतं. रोज वेळेवर जायचं, काम संपल्याशिवाय उठायचं नाही.

आता फरिदाबाद. तो डाव मोठा का, हे आकड्याआधी त्या मोसमावरून कळतं. १९८४-८५ नंतर मुंबईने रणजी जिंकली नव्हती. ज्या संघाने एके काळी ओळीने पंधरा वेळा करंडक घरी ठेवला, त्याच्यासाठी नऊ वर्षं म्हणजे दुष्काळच. त्यात १९९१ ची जखम. वानखेडेवर अंतिम सामन्यात हरियाणाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरवलं. नाबाद १३९ करूनही दिलीप वेंगसरकर मैदानातच रडला. तो सामना पाहिलेली माणसं अजून त्याबद्दल घरातल्या कुणाच्या आजारपणाबद्दल बोलावं तशा आवाजात बोलतात. तीन वर्षांनी बाद फेरीत, उपउपांत्यपूर्व सामन्यात समोर पुन्हा हरियाणा, तेही त्यांच्या गावात. कर्णधार रवी शास्त्री. आणि संघात एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या नावावर प्रथम श्रेणीत अजून शून्य सामने.

रणजीच्या बाद फेरीचं गणित सरळ असतं. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी ज्याची, तो पुढे. म्हणून तिथे शंभर करून टाळ्या घेत परत येणारा फलंदाज उपयोगाचा नसतो. शंभरानंतर पुन्हा गार्ड घ्यायचा, पुन्हा शून्यावर आहोत असं समजायचं, समोरच्या गोलंदाजाला तिसरं-चौथं सत्र टाकायला लावायचं, त्याच्या कर्णधाराला स्लिप काढायला लावायची. मुंबईचे लोक याला 'खडूस' म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. मुलाने २६० केल्या. १९२०-२१ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सव्हालच्या मार्क्सने पदार्पणात केलेल्या २४० हा तोवरचा जागतिक विक्रम होता. त्र्याहत्तर वर्षांनी तो मोडला. भारतापुरता विक्रम गुंडाप्पा विश्वनाथच्या २३० धावांचा होता, तोही मागे पडला. मुंबई पुढे गेली, जात राहिली, आणि त्या मोसमात अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडक परत आला.

सहा वर्षं पॅड बांधून बसलेल्या मुलाची भूक त्या डावात बाहेर पडली, असं लिहिता येईल. वाक्य छान बसतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. भुकेने फार तर पन्नास होतात. भुकेला फलंदाज घाई करतो. २६० हे शिकवलेलं असतं. आचरेकर सर आपल्या पोरांना स्कूटरवर घालून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एका दिवसात वेगवेगळ्या सामन्यांत फलंदाजी करायला लावत. बाद झालास? चल, दुसरा सामना आहे. असं केल्याने डाव ही एखादी जपून ठेवायची दुर्मीळ वस्तू राहत नाही, ती रोजची सवय होते. अशी सवय असलेल्या माणसाला दोनशेच्या पुढे काय करायचं हा प्रश्नच पडत नाही, कारण पन्नासला असताना जे करत होता तेच करायचं असतं.

मग छापून आलं, 'पुढचा तेंडुलकर'. आपल्या क्रीडापत्रकारितेने दिलेली ही सगळ्यांत घातक पदवी, आणि ती वाटताना कुणी हात आखडता घेतला नाही. यातला विनोद असा, की फेब्रुवारी १९९४ मध्ये आधीचा तेंडुलकर अजून एकवीस वर्षांचाही झाला नव्हता. दोघांच्या वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. म्हणजे ज्याच्यानंतर हा यायचा होता तो कुठे जाणार होता? तो आणखी एकोणीस वर्षं तिथेच राहिला.

इथे मला खरा मुद्दा दिसतो. तरुण फलंदाजाची कारकीर्द त्याच्या बॅटवर जितकी ठरते तितकीच ती पुढे कोण बसलंय यावर ठरते. राहुल द्रविडचंच बघा. कर्नाटकाकडून त्याचा पहिला रणजी सामना पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध, १९९१ च्या सुरुवातीला, ८२ धावा. त्यानंतर कसोटीसाठी पाच वर्षं थांबला, धावा करत थांबला. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात नवज्योत सिद्धू दौरा अर्धवट टाकून परतला आणि संजय मांजरेकर जायबंदी झाला. लॉर्ड्सवर सौरव गांगुलीने १३१ केल्या, द्रविडने ९५. तो दोघांच्या गुणांचा दिवस होताच, पण त्याआधी तो एका रुसव्याचा आणि एका दुखावलेल्या घोट्याचा दिवस होता. वर्ष संपायच्या आत लक्ष्मणही आला. याच द्रविड-गांगुलीबरोबर मुझुमदार भारत 'अ' संघात खेळलेला होता. विरारच्या लोकलमध्ये उभं राहिलेला माणूस बसलेल्याला विचारतो, 'कुठे?' आणि दादर-अंधेरी ऐकून जागा मनाशी पक्की करतो. भारताच्या मधल्या फळीत १९९६ नंतर ज्याला विचारावं तो शेवटच्या स्टेशनचं नाव सांगत होता.

आणि जागा मिळून तरी काय खात्री? विनोद कांबळीला मिळाली होती. १९९३ साली त्याने लागोपाठच्या कसोटींत वानखेडेवर २२४ आणि दिल्लीला २२७ केल्या. सतरा कसोटी, सरासरी ५४.२०. त्याची शेवटची कसोटी झाली तेव्हा तो चोवीसचाही नव्हता. त्याच मुंबईचा वसीम जाफर दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ करून आला, अठरा वर्षांचा असताना. त्याला कसोटी मिळाली ती तीनेक वर्षांनी. या पोरांच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून पुढचं भाकीत करायला बसलं तर ज्योतिषीही धंदा सोडून देईल.

म्हणून 'दुर्दैवी अमोल' हा सूर मला पटत नाही. एकवीस मोसम, अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, तीस शतकं, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून रणजी करंडक. त्या मोसमाच्या उपांत्य सामन्यात मुंबईची अवस्था दुसऱ्या डावात पाच बाद शून्य होती आणि तरी ते जिंकले. पुढे मुंबई सोडून आसाम, आंध्र. रणजीतल्या सर्वाधिक धावांचा विक्रम काही काळ त्याच्या नावावर, मग जाफरच्या. याला दुर्दैव म्हणणारा माणूस क्रिकेट म्हणजे फक्त निळी जर्सी असं समजतो. हळहळ वाटावी असं त्यात आहे, नाही असं नाही. पण हळहळ करता करता आपण त्याच्या धावा खाऊन टाकतो.

आजच्या मुलांचं उलट आहे. पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या तेव्हापासून तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. रणजी पदार्पणात शतक, दुलीप पदार्पणात शतक, कसोटी पदार्पणात १३४. आणि नंतरची घसरणही आपण चेंडूगणिक पाहिली. यशस्वी जयस्वाल भदोहीहून येऊन आझाद मैदानातल्या मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत राहिला, त्या तंबूचीही एव्हाना दंतकथा झाली आहे. मुलाखत घेणारे आधी पाणीपुरी विकण्याचं विचारतात आणि मग फलंदाजीचं. विजय हजारे स्पर्धेत सतराव्या वर्षी त्याने द्विशतक केलं, त्याबद्दल विचारायला वेळ उरत नाही. वाट पाहणं, उपास, तंबू, पॅड हे सांगायला सोपं असतं. धाव कशी काढली हे सांगायला खेळ पाहावा लागतो.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मुख्य प्रशिक्षक मुझुमदार. झालं, सगळ्या वाहिन्यांवर १९८८ चे पॅड पुन्हा बांधले गेले. न खेळलेला मुलगा अखेर जिंकला, वगैरे. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि पत्नी म्हणाली, 'अहो, निदान आज तरी ऐकू द्या.' ऐकू दिलं. पण माझ्या डोक्यात तीन दिवसांपूर्वीचा उपांत्य सामना होता. जेमिमा रॉड्रिग्ज, मुंबईचीच. ती पाचव्या क्रमांकावर जायची म्हणून निवांत अंघोळ करत होती. मैदानात उतरायच्या पाचेक मिनिटं आधी तिला कळलं की तिसऱ्या क्रमांकावर जायचंय. दुसऱ्याच षटकात ती आत होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग संपला तेव्हा नाबाद १२७ वर. पॅड बांधून बसायला तिला वेळच मिळाला नाही. आणि अंतिम सामन्यात ८७ करणारी शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणं गेलं. शफाली हरियाणाची, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध त्या २६० झाल्या त्यांचीच. हा योगायोग कुणी बोलून दाखवला नाही.

विक्रमाचं म्हणाल तर तो डिसेंबर २०१८ पर्यंत टिकला. इंदूरला मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने हैदराबादविरुद्ध पदार्पणात नाबाद २६७ केल्या, त्या दिवशी बातमीच्या शेवटच्या ओळीत मुझुमदारचं नाव आलं. २०२२ मध्ये बिहारच्या सकिबुल गनीने मिझोरामविरुद्ध ३४१ केल्या, तेव्हा ती ओळही कापली गेली. १९९४ साली रणजीचे असे सामने टीव्हीवर दाखवत नसत. त्यामुळे मुझुमदारचा तो डाव आता तेव्हा मैदानावर असलेल्यांच्या डोक्यातच असणार: बावीस खेळाडू, दोन पंच, स्कोअरर, आणि हिवाळ्याच्या उन्हात बसलेली फरिदाबादची थोडी माणसं. त्यांतलं कुणी भेटलं तर मला दोनशे साठाव्या धावेचं विचारायचं नाही. पहिली धाव कुठल्या बाजूला काढली, आणि त्याआधी पोराने किती चेंडू नुसते खेळून काढले, एवढं सांगा म्हणेन.